टप उघडला की वारा मागून का येतो?

दोन आसनांची, टप मागे दुमडता येणारी आणि गिअर हाताने टाकावे लागणारी छोटी स्पोर्ट्स मोटार प्रथमच चालवणाऱ्या माणसाला एक कोडे हटकून पडते. मोटार पुढे धावत असल्यामुळे वारा समोरून यायला हवा आणि तो अडवायला पुढची काच आहे, हे त्याला समजत असते. तरीही ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाला केस मागून पुढे येऊन डोळ्यांवर पडतात, मानेला पाठीमागून गार झोत लागतो आणि मांडीवरचा हलका कागद काचेकडे उडतो. पुढे अशी आणखी कोडी भेटत जातात. पाऊस थांबल्यावर दार उघडताच छपरावरचे पाणी नेमके आसनावर सांडते, थंडीच्या सकाळी दुसरा गिअर पडता पडत नाही, खडबडीत रस्त्यावर आरसा थरथरतो आणि वाहनांच्या गर्दीत जराशा चुकीने इंजिन बंद पडते. या कुरबुरी जवळजवळ सर्व उघड्या मोटारींत आढळतात, आणि त्यांची कारणे तपासली असता असे दिसते की ज्या रचनेमुळे ही मोटार चालवणाऱ्याला हवीशी वाटते, त्याच रचनेतून यांतली बहुतेक कुरबूर निघते.

या प्रकारातली सर्वांत परिचित मोटार म्हणजे जपानच्या माझ्दा कंपनीची एमएक्स-५. अमेरिकेत ती मिआटा या नावाने ओळखली जाते आणि जपानमध्ये ती आरंभी युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली, तेव्हा एमजीबी, लोटस एलान यांसारख्या ब्रिटिश रोडस्टर मोटारींचे युग जवळपास संपले होते. त्यांचा हलकेपणा आणि साधेपणा टिकवून त्यांना जपानी टिकाऊपणाची जोड द्यावी, हा तिच्या रचनेमागचा हेतू होता. एप्रिल २०१६ मध्ये तिची दहा लाखावी मोटार हिरोशिमातल्या कारखान्यातून बाहेर पडली. तिचे रचनाकार ‘जिन्बा इत्ताइ’ हा जपानी शब्दप्रयोग वापरत. घोडा आणि स्वार एकजीव झालेले, असा त्याचा अर्थ. घोड्यावर पक्की मांड ठोकलेल्या स्वाराला जसे त्याचे प्रत्येक पाऊल कळते, तसे चालवणाऱ्याला मोटारीचे सर्व काही कळावे, ही त्यामागची कल्पना आहे. सर्व काही कळू द्यायचे ठरवले की नकोसे तेही कळते, आणि पुढील विवेचनात हे वारंवार दिसेल.

पुलाच्या खांबामागचा पाचोळा

वाऱ्याचे कोडे नदीकाठी उभे राहिल्यास सहज उलगडते. पुलाच्या खांबावर आदळलेले पाणी दोन्ही बाजूंनी पुढे निघून जाते, पण खांबाच्या लगेच मागे एक आडोसा तयार होतो आणि तिथे सापडलेला पाचोळा प्रवाहाबरोबर वाहून न जाता गोल फिरत उलट खांबाकडे येतो. उघड्या मोटारीत पुढची काच हे खांबाचे काम करते. काचेच्या वरच्या कडेपर्यंत हवा पृष्ठभागाला चिकटून वर चढते, कडेपाशी मात्र ती पृष्ठभाग सोडून देते आणि चालवणाऱ्याच्या डोक्यावरून वेगाने मागे जाते. ही वेगवान हवा खालची स्थिर हवा आपल्याबरोबर ओढून नेत असल्यामुळे आसनांच्या खोलगट जागेतला दाब कमी होतो, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी डिकीच्या झाकणावरून हवा मागे वळून आत शिरते. केस पुढे उडवणारा झोत तो हाच. काचेमागे अशा रीतीने एक आडवा भोवरा सतत फिरत राहतो, आणि प्रवाशाचे डोके नेमके त्याच्या वाटेत असते.

यावरचा उपाय कारण जाणून घेतल्याशिवाय उलटाच वाटतो, कारण समोरच्या वाऱ्यासाठी पडदा लावायचा तो पाठीमागे. दोन आसनांच्या मागे जाळीचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा छोटा पडदा उभा केला की परतीची वाट अडते आणि भोवरा दुबळा होतो. जाळी वाऱ्याला पूर्ण न अडवता त्याचा जोर मोडते, म्हणून नवा भोवराही फारसा निर्माण होत नाही. बाजूच्या काचा वर केल्यानेही पुष्कळ फरक पडतो, कारण मग हवा फक्त मागून येऊ शकते आणि तिथे तिला जाळी भेटते.

वाऱ्याच्या आवाजाचे गणित अधिक कठोर आहे. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. परंतु भोवऱ्यांतून निघणाऱ्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण पाचव्या ते सहाव्या घाताने वाढते. त्यामुळे पन्नासवरून शंभरावर गेलेल्या मोटारीत वाऱ्याचा आवाज पंधरा ते अठरा डेसिबलने चढतो. गावातल्या रस्त्यांवर सुखाने गप्पा मारणारे दोन प्रवासी महामार्गावर गप्प होतात, त्याला हेच कारण आहे. लांबच्या प्रवासात टप उघडा ठेवून जाणाऱ्याने कानांत बोळे घालणे हा भित्रेपणा नसून शहाणपणा आहे, कारण कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी आवाज टिपतात, त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

फुगणारा टप आणि पिवळी पडणारी खिडकी

टप लावला म्हणजे वारा पूर्णपणे बाहेर राहिला असे होत नाही. महामार्गावर कापडी टप वर फुगलेला दिसतो आणि त्याच्या कडा फडफडू लागतात. आतली हवा टपाला बाहेर ढकलते अशी सर्वसाधारण समजूत असते, पण मुख्य ओढ बाहेरून असते. छपराच्या बाकावरून जाताना हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढलेल्या हवेचा दाब कमी होतो, तर आतल्या स्थिर हवेचा दाब जवळपास तसाच राहतो. या फरकामुळे कापड वर उचलले जाते. ताशी शंभर किलोमीटरला वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे ४६० पास्कल भरतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास ४७ किलोचा भार. त्यातला काही अंशच छपराला वर ओढत असला, तरी पत्र्याला न जाणवणारा हा जोर कापडाला पुरेसा असतो. रिक्षाच्या टपाचे रेक्झिन वाऱ्यावर फडफडते, त्याचेच हे वेगवान रूप आहे. फुगलेले कापड काचेच्या वरच्या रबरापासून केसभर दूर सरले तरी त्या फटीतून शीळ वाजू लागते.

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळातल्या मोटारींत, मागची खिडकी काचेची नसून मऊ, पारदर्शक प्लास्टिकची होती आणि ती कडेने चेनने जोडलेली असे. हे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी मुळात कडक असते. नळाचे पाइप त्याचेच असतात. त्याला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यांमुळे, ज्यांना मृदुकारक म्हणतात. उन्हात ही द्रव्ये हळूहळू निघून जातात आणि खिडकी ठिसूळ होते. उन्हातली अतिनील किरणे त्याच वेळी पीव्हीसीच्या रेणूंतून हायड्रोजन आणि क्लोरिन सुटे करतात. मागे उरलेल्या साखळ्या निळा प्रकाश शोषून घेतात आणि म्हणून खिडकी पिवळी दिसू लागते. ही पिवळी झाक पुसून जात नाही, कारण ती मळ नसून प्लास्टिकच्या घडणीतच झालेला बदल असतो. १९९८ च्या दुसऱ्या पिढीत तिथे काच आली, तिच्यात दव घालवणाऱ्या तापक तारा बसल्या, आणि हा प्रश्न संपला.

चौकट : थंडीत टप उतरवताना
मृदुकारक द्रव्यांचा परिणाम थंडीत कमी होतो आणि प्लास्टिकची खिडकी पापडासारखी मोडू शकते. म्हणून जुन्या मोटारीत चेन उघडून खिडकी आधी सपाट आडवी करावी आणि मगच टप दुमडावा. कडक थंडी असेल तर मोटार आतून गरम होईपर्यंत थांबावे. ओला टप दुमडून ठेवू नये, कारण घड्यांत अडकलेल्या ओलीवर बुरशी धरते आणि तिचे काळे डाग कापडातून सहसा जात नाहीत.

आसनामागची पन्हळ

कौलारू घरात दोन उतार जिथे मिळतात तिथे पन्हळ घालतात, आणि घर गळू लागले की जाणता गवंडी कौले तपासण्याआधी ती पन्हळ पाहतो. टपाच्या मोटारीतही अशीच एक पन्हळ असते आणि तिचे अस्तित्व अनेक मालकांना ठाऊक नसते. टपाची मागची कड मोटारीच्या शरीराला जिथे जोडलेली असते, तिथे आतल्या बाजूने एक लवचीक पट्टी बसवलेली असते. कापडावरून ओघळलेले पाणी या पट्टीत जमा होऊन दोन्ही टोकांना येते आणि तिथल्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे रस्त्यावर पडते. म्हणजे पाणी मोटारीच्या आत येऊ न देण्याची ही योजना नाही. ते थोडेसे आत घेऊन ठरलेल्या वाटेने बाहेर सोडण्याची आहे. हिंगे, घड्या आणि सरकते सांधे असलेल्या छपराला घराच्या स्लॅबसारखे जलरोधक करणे जवळपास अशक्य असल्याने हाच मार्ग व्यवहार्य ठरतो.

अडचण येते ती झाडाखाली उभ्या राहणाऱ्या मोटारीला. पानांचा चुरा, धूळ आणि फुलांचे पराग मिळून नळीच्या तोंडाशी गाळ धरतात, पाणी तुंबते आणि मग ते आसनामागच्या गालिच्यात किंवा दाराखालच्या पोकळ पट्टीत शिरते. ब्रेक दाबताच कुठेतरी पाणी डुचमळल्याचा आवाज येतो, तो या पोकळीतून. आरंभीच्या दोन्ही पिढ्यांच्या मोटारी दाराखाली आणि मागच्या चाकापुढे आतून गंजतात, हे सर्वज्ञात आहे. गंजाचा फोड बाहेरच्या रंगावर उमटेपर्यंत आतला पत्रा बराचसा खाल्लेला असतो. टपाच्या मोटारीला वर्षातून दोनदा करण्यासारखे एकच काम निवडायचे झाले, तर ते या नळ्या मऊ, लवचीक तारेने किंवा हलक्या हाताने पाणी सोडून मोकळ्या करण्याचे असावे. टोकदार सळई मात्र घालू नये, कारण ती गाळाऐवजी नळीलाच भोक पाडते.

दार उघडल्यावर आसनावर सांडणाऱ्या पाण्याचे कारण वेगळे आहे. बंद मोटारीच्या दाराच्या काचेला चौकट असते आणि छपराच्या कडेला पाणी अडवणारी बारीक पाळ असते. इथे काचेला चौकट नसते आणि तिची कड थेट टपाच्या रबराला टेकते. दार उघडताच हा टेका जातो आणि कडेला थांबलेले थेंब पागोळ्यांसारखे आत पडतात. पाऊस उघडल्यावर दार उघडण्यापूर्वी टपाच्या कडेवरून एकदा हात किंवा फडके फिरवले तर आसन कोरडे राहते.

झाकण काढलेला खोका

पुठ्ठ्याचा खोका झाकण चिकटवून दोन्ही हातांनी पिळण्याचा प्रयत्न केल्यास तो दाद देत नाही. झाकण काढून पिळला तर सहज वेडावाकडा होतो. पुठ्ठा तितकाच जाड असूनही असे का घडावे? पिळाला विरोध करणारा जोर खोक्याच्या भिंतींतून गोल फिरतो, आणि हा फेरा पूर्ण करणारी सहावी बाजू गेली की भिंतींना वेगवेगळे वाकावे लागते. मोटारीचे छप्पर हे असेच झाकण असते. ते काढून टाकल्यावर अभियंते दाराखालच्या पट्ट्या जाड करतात, तळाला आडव्या-तिरप्या पट्ट्या जोडतात आणि पुढच्या काचेची चौकट मजबूत करतात. तरीही गमावलेली सगळी ताकद परत येत नाही, आणि जी येते ती वजनाच्या मोबदल्यात.

खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग, आरसा आणि पुढची काच एकमेकांच्या मेळाबाहेर थरथरतात, ती थरथर इथून येते. मोटारीचे चाक, टायर आणि स्प्रिंग मिळून सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा कंप पावतात. बंद मोटारीच्या शरीराची स्वतःची पिळाची लय याहून बरीच वरची असते. उघड्या मोटारीत ती खाली उतरून चाकांच्या लयीच्या जवळ येते. झोपाळ्याला त्याच्या लयीत दिलेले छोटे धक्केही तो उंच नेतात, त्याप्रमाणे चाकांचे धक्के मग शरीराला हलवत राहतात. शरीर पिळले की दारे, रबर आणि प्लास्टिकचे भाग एकमेकांवर घासतात. घासताना ते सरळ सरकत नाहीत, क्षणभर चिकटतात आणि मग एकदम सुटतात. हीच क्रिया सेकंदाला शेकडो वेळा घडली की करकर ऐकू येते, जशी फळ्यावर तिरप्या धरलेल्या खडूची. दाराच्या रबरांना रबरासाठी बनवलेले सिलिकॉनचे ग्रीस चोळले तर ही करकर बहुधा थांबते. साधे खनिज तेल लावल्यास मात्र रबर फुगून मऊ पडते.

जागेचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. चौथ्या पिढीच्या एमएक्स-५ ची उंची सुमारे सव्वा मीटर आणि डिकी सुमारे १३० लिटरची आहे, म्हणून मागच्या उंच वाहनाचे दिवे आरशातून थेट डोळ्यांत येतात, पार्किंगचे तिकीट घ्यायला खांदा ताणावा लागतो आणि दोघांच्या सामानाची निवड घरीच करावी लागते. कप ठेवण्याची कडी आसनांच्या मध्ये मागच्या बाजूला असल्याने गिअर टाकताना कोपर तिला अडखळते. इंजिन, गिअरपेटी आणि मागच्या चाकांकडे जाणारा दांडा या सर्वांना एका रेषेत मधोमध बसवायचे ठरले, की हात ठेवण्याजोगी जागा उरत नाही.

दुसरा गिअर का अडतो

गिअरपेटीचा दांडा हा या मोटारीचा खरा अभिमान, आणि काही कुरबुरींचे मूळही. पुढची चाके ओढणाऱ्या साध्या मोटारींत दांडा आणि गिअरपेटी यांच्यामध्ये केबल असतात आणि त्या बऱ्याच कंपनांना वाटेतच शोषून घेतात. एमएक्स-५ मध्ये दांडा थेट गिअरपेटीवर उभा असतो, म्हणूनच त्याची हालचाल मनगटाएवढी छोटी आणि नेमकी वाटते. पण त्याच वाटेने गिअरपेटीची गुणगुण, आणि दांड्याभोवतीची रबरी टोपी फाटली असेल तर तिची ऊबही, हातापर्यंत पोचते. खाली धुराचा पाइप धावत असल्याने मधला उंचवटा उन्हाळ्यात चांगलाच तापतो आणि त्याला टेकलेला पाय भाजतो.

थंड मोटारीत दुसरा गिअर अडण्याचे कारण समजण्यासाठी गिअर बदलताना काय घडते ते पाहायला हवे. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग दातांनी जोडण्यापूर्वी त्यांची गती एक करावी लागते आणि हे काम पितळेची एक शंकूच्या आकाराची कडी करते, जिला सिंक्रोनायझर म्हणतात. धावत्या फिरकी-पाळण्यात चढू पाहणारा मुलगा आधी कडेने धावत पाळण्याची गती पकडतो आणि मग उडी घेतो, तसेच हे आहे. कडी समोरच्या शंकूवर घासली गेली तरच गती एक होते, पण दोहोंमध्ये गिअर ऑइलचा थर असतो आणि तो आधी पिळून बाहेर जावा लागतो. थंडीत हे तेल काकवीसारखे दाट होते, थर वेळेवर हटत नाही, कडी निसटते आणि दात अडतात. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधल्या गतीचे अंतर सर्वांत मोठे असल्याने कडीला सर्वाधिक कष्ट दुसऱ्या गिअरलाच पडतात. म्हणून पहिले काही किलोमीटर दांडा न रेटता मोकळ्या जागी क्षणभर थांबवून हळू पुढे न्यावा. रेटणारा हात दर सकाळी थोडे पितळ खर्च करत असतो.

लांबच्या रस्त्यावर इंजिनाची एकसुरी घूं घूं त्रास देते, तिचे उत्तर गिअरांच्या प्रमाणांत आहे. चढ-वळणांच्या रस्त्यावर इंजिन सतत तयार राहावे म्हणून गिअर एकमेकांच्या जवळ ठेवलेले असतात, त्यामुळे पहिल्या पिढीच्या १.६ लिटरच्या मोटारीत पाचव्या गिअरलाही ताशी शंभर किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. हिशेब केल्यास सेकंदाला सुमारे १०७ स्फोट भरतात आणि कापडी टप हा खालच्या पट्टीतला आवाज अडवू शकत नाही.

हाफ क्लचची कसरत

गर्दीत इंजिन पटकन बंद पडते, तेही हेतुपूर्वक केलेल्या निवडीमुळे. इंजिनाला जोडलेली जड चकती, म्हणजे फ्लायव्हील, जात्याच्या पाळीसारखी असते: जड पाळी हात थांबला तरी फिरत राहते, हलकी लगेच थांबते. स्पोर्ट्स मोटारीत ती हलकी ठेवतात, म्हणजे पाय दाबताच इंजिन उसळते आणि काढताच खाली येते. हाफ क्लचवर मोटार उचलताना मात्र पाळीत साठवलेली गतीच कामी येते, आणि ती थोडी असल्याने पायाची किंचित चूकही इंजिनाला झेपत नाही. सराव झाल्यावर हा दोष जाणवेनासा होतो. चढावर थांबताना क्लचवर मोटार तोलून धरण्याची सवय मात्र मोडायलाच हवी, कारण त्या प्रत्येक सेकंदाला प्लेट घासून झिजते. त्यासाठी हँडब्रेक आहे.

पहिल्या दोन पिढ्यांत क्लचचे पेडल कधीकधी एकाएकी मऊ पडते आणि रिव्हर्स गिअर टाकताना खरखर होते. पेडलचा जोर द्रवाच्या नळीतून गिअरपेटीबाहेर बसवलेल्या एका छोट्या सिलिंडरपर्यंत जातो. रस्त्यावरची धूळ आणि चिखल नेहमी त्याच्यावर उडत असतो, द्रव हवेतली ओल शोषून घेतो, आतला रबरी वायसर झिजतो आणि थेंबथेंब गळू लागते. मग पेडल पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही. गिअरपेटी बिघडल्याच्या भीतीने मोठी दुरुस्ती काढण्याआधी मोटारीखाली वाकून त्या सिलिंडरची रबरी टोपी बोटाने उचलून पाहावी. आत ओले लागले तर बदलायचा भाग मुठीत मावेल एवढाच आहे.